तेल राहिलं, पट्टी हरवली

सकाळचे नऊ वाजलेत. ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत आजी बसल्या आहेत आणि समोरच्या स्टुलावर त्यांचा डावा पाय आहे. सून कालची पट्टी सोडवतेय. शेवटचा पदर जखमेला चिकटलाय, म्हणून त्यावर तांब्यातून कोमट पाण्याची धार धरावी लागते. आतल्या घोट्याच्या जरा वर तळहाताएवढी ओली जखम आणि भोवती तपकिरी पडलेली, चामड्यासारखी कडक कातडी. शेजारी पाटावर सगळा दवाखाना मांडलाय: हळद कालवलेलं खोबरेल, जात्यादी तेलाची बाटली, मेडिकलमधून आणलेली अँटिबायोटिकची पावडर, मुंबईच्या भाच्याने पाठवलेलं महागडं मलम आणि धुऊन ठेवलेली पिंपळाची पानं.

असा पाय कुठल्याही तालुक्यात, कुठल्याही आळीत सापडतो. कधी तो एसटीच्या निवृत्त कंडक्टरचा असतो, कधी तीस वर्षं फळ्यासमोर उभ्या राहिलेल्या बाईंचा, कधी सलूनवाल्याचा, तर कधी हॉटेलात दिवसभर ताटं वाहणाऱ्या वाढप्याचा. जखम किती जुनी, असं विचारलं की उत्तर वर्षांत येतं. वास येतो म्हणून लग्नकार्याला जाणं बंद झालेलं असतं. घरचेही दमलेले असतात, पण बोलून दाखवत नाहीत.

पाटावर पाच औषधं आहेत आणि पाचही जखमेवर लावायची आहेत. ती ज्या कारणाने उघडी राहिली त्यावर एकही नाही. घरगुती की डॉक्टरी, आयुर्वेद की ॲलोपथी, हा वाद या घरात अधूनमधून होत असेल. पण तो एका बाटलीचा दुसऱ्या बाटलीशी वाद आहे. जुन्या जखमांवरचे ‘पारंपरिक, समग्र उपचार’ या नावाखाली आज जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं असंच आहे. परंपरेने जखमेच्या माणसाची एक अख्खी व्यवस्था सांगितली होती. त्यातलं बाटलीत मावेल तेवढंच आपण उचललं.

आधी हा पाय चिघळतो कसा, ते बघायला हवं. पायातलं रक्त वर चढवण्याचं काम पोटरी करते. चालताना तिचा स्नायू आवळला की खोलवरच्या शिरा पिळल्या जातात, रक्त हृदयाकडे सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. गावातल्या हातपंपाचं वायसर गेलं की दांडा कितीही मारा, पाणी मागे पडतं. झडपा निकामी झाल्या की पायात तेच होतं. बाळंतपणं, वाढलेलं वजन, वर्षानुवर्षांचं उभ्याचं काम, घराण्यातून आलेला कमकुवतपणा किंवा कधीकाळी शिरेत झालेली गुठळी, कारण काहीही असो, रक्त घोट्याशी तुंबतं. दाब वाढून तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतल्या लोहाने कातडी तपकिरी होते. मग डास चावून खाजवलं किंवा पलंगाचा कोपरा लागला, एवढं निमित्तही पुरतं.

बिघाड दाबाचा आहे, म्हणून उपायही दाबाचाच. बोटांच्या मुळापासून गुडघ्याच्या खालपर्यंत, टाच झाकून घेत, घोट्याशी सर्वांत घट्ट आणि वर सैल होत जाणारी पट्टी. शिरांची जखम भरून यावी म्हणून घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब धरतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी झिंक ऑक्साइडच्या लेपात भिजवलेली पट्टी रूढ केली. तिला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा निकाल सहसा एकाच बाजूला गेला आहे: दाबपट्टी बांधलेली शिरांची जखम न बांधलेलीपेक्षा जास्त वेळा आणि लवकर भरते.

पट्टी बांधणं हा साहेबाच्या देशातून आलेला उद्योग वाटत असेल, तर सुश्रुतसंहिता उघडावी. तिच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय व्रणाचा आहे आणि त्यात जखमेचे साठ उपक्रम सांगितले आहेत. लेप, शेक, काढ्याने धुणं, कापणं, खरवडणं, शिवणं, धुरी देणं, क्षार, डाग, तेल, तूप... यादी लांबत जाते. तिच्यात ‘बंध’ म्हणजे पट्टी आहे, जखमेवर पान ठेवण्याचं ‘पत्रदान’ आहे, आहार आहे आणि रुग्णाची राखण करण्याचं ‘रक्षाविधान’ही आहे. या साठांत तेल हा एक उपक्रम. सूत्रस्थानात पट्टीचे चौदा प्रकार वेगळे दिले आहेत. बोटाला कोणता, हातापायाला कोणता, सांध्याला कोणता, हे सगळं ठरलेलं.

सुश्रुताला शिरांच्या झडपा ठाऊक होत्या, असा दावा करण्याचं कारण नाही. त्याची पट्टी आजच्या दाबपट्टीची आजी आहे, असंही म्हणता येणार नाही. पण जखमेच्या माणसाला ठेवायचं कसं, याचा त्याच्याइतका बारीक विचार आजच्या पाच मिनिटांच्या ओपीडीत होत नाही. सूत्रस्थानाच्या एकोणिसाव्या अध्यायात त्याने व्रणिताची खोलीच मांडली आहे: जागा स्वच्छ, वारा थेट अंगावर येणार नाही अशी, अंथरूण ऐसपैस, नखं-केस कापलेले, कपडे पांढरे आणि धुतलेले. शिवाय जवळ मित्र हवेत, त्यांनी गोड गोष्टी सांगून वेदनेवरून त्याचं मन दुसरीकडे न्यावं. दिवसा झोपू नये, फार वेळ उभं राहू नये, बसून राहू नये.

त्याने चालायलाही मनाई केली आहे. इथे आजचा डॉक्टर त्याच्याशी सहमत होणार नाही, कारण शिरांच्या जखमेत पट्टी बांधून चालणं हेच पोटरीच्या पंपाला बळ देतं. जुन्या ग्रंथाशी असा मुद्द्यावर वाद घालता येतो, हे त्याच्या मोठेपणाचंच लक्षण आहे. आपण मात्र त्याला हार घालतो आणि अध्याय वाचत नाही.

आहाराचंच बघा. जखम झाली की घराघरांत पहिला हुकूम सुटतो: ‘पू होईल, हे बंद.’ वांगं बंद, डाळ बंद, अंडी-मासे तर लगेच बंद. म्हातारं माणूस भात आणि पातळ वरणाच्या पाण्यावर येतं. जखमेतून रोज पाझरणाऱ्या पाण्याबरोबर अंगातली प्रथिनं जात असतात आणि ताटातून ती आधीच गेलेली असतात. हे पथ्य कुठून आलं कुणास ठाऊक. सुश्रुताकडून तरी आलेलं नाही. त्याने नवं धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, आंबट-खारट आणि दही वर्ज्य सांगितलं खरं. पण काय खावं, या यादीत जुन्या साळीचा ऊन भात, मूग, तांदुळजा, कोवळा मुळा, पडवळ, कारलं, डाळिंब आणि आवळा आहेत, चक्क वांगं आहे, आणि जांगल म्हणजे कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांच्या मांसाने व्रण लवकर भरतो असंही तो सांगतो. ज्याच्या नावाने वांगं बंद होतं, त्याच्या पानात वांगं वाढलेलं आहे.

आता हळदीकडे. हळदीचं नाव निघालं की १९९७ आठवतं. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं होतं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते. त्यांच्या संस्थेने जुने ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय शोधनिबंध पुढे ठेवून त्या पेटंटला आव्हान दिलं आणि दोन वर्षांत ते रद्द झालं. मराठी घरांत हा किस्सा अजून अभिमानाने सांगितला जातो आणि तो अभिमान रास्त आहे. फक्त त्या लढाईत काय सिद्ध झालं, हे नीट बघायला हवं. हळदीचा हा वापर नवा नाही, एवढंच तिथे ठरलं. दोन वर्षं वाहणारा पाय हळदीने भरतो की नाही, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी विचारलाच नव्हता. पेटंट जिंकल्याचं सर्टिफिकेट जखमेवर लावता येत नाही.

मधाची कसोटी मात्र लागली. न्यूझीलंडमध्ये शिरांच्या जखमांचे ३६८ रुग्ण घेऊन झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्यांना मधाची ड्रेसिंग, निम्म्यांना नेहमीची; पायाला दाबपट्टी दोघांनाही. बारा आठवड्यांनी मधवाल्यांपैकी ५५.६ टक्के आणि दुसऱ्या गटातल्या ४९.७ टक्के जखमा भरल्या होत्या. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं संख्याशास्त्राने सांगितलं. मधाने दुखण्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. हा निकाल मधाविरुद्ध आहे, असं म्हणण्यापेक्षा त्याची दुसरी बाजू वाचावी: दोन्ही गटांतल्या जवळपास निम्म्या जखमा तीन महिन्यांत भरल्या आणि दोन्ही गटांत सारखी होती ती पट्टी.

अळ्यांची गोष्ट तशीच. निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या माशीच्या अळ्या जखमेतलं सडकं मांस खाऊन ती स्वच्छ करतात. बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम बेअर यांनी पहिल्या महायुद्धातल्या जखमींवर हे पाहिलं आणि पुढे त्यावर रीतसर काम केलं. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अळ्यांनी जखम लवकर साफ केली, पण भरली ती इतरांएवढ्याच वेळात. जळवांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मान्यता दिली. त्यांचा खरा उपयोग प्लास्टिक सर्जरीत, जोडलेल्या बोटात किंवा कातडीत रक्त तुंबतं तेव्हा. सुश्रुताने जळवांच्या बारा जाती सांगून त्यांतल्या सहा विषारी ठरवल्या होत्या. विषारी कोणत्या आणि बिनविषारी कोणत्या, एवढी पारख करूनच तो जळू लावायला बसला. आज गल्लीच्या तोंडाशी बसलेला, बरणीतल्या जळवा एकाच्या पायावरून काढून दुसऱ्याच्या पायाला लावणारा माणूस त्याचा वारस म्हणवून घेतो, आणि त्या जळवांबरोबर कावीळ आणि एचआयव्ही पसरू शकतात.

‘झाडपाल्याचं आहे, निदान अपाय तरी नाही’ ही समजूतही तपासून घ्यावी. जात्यादी तेलात जाईची पानं, कडुलिंब, करंज, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, हळद, दारुहळद आणि मेण आहे, पण मोरचूदही आहे. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, द्राक्षबागेवर फवारायच्या बोर्डो मिश्रणात पडतो तोच. शास्त्रोक्त शोधन केलेलं आणि योग्य मात्रेतलं असेल, तर तेलात त्याला जागा आहे. पण ते कोणत्या जखमेला, किती दिवस लावायचं हे ठरवायला वैद्य हवा. राख, चुना, तंबाखूची पूड आणि शेण यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्यामुळे धनुर्वात होऊ शकतो आणि तो आजही माणूस मारतो.

यावर डॉक्टरांनी खूश होऊ नये. त्यांच्या बाजूचा पाटही मांडलेलाच आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस, लालसर द्रवाने रोजची रंगरंगोटी, पू नसतानाही अँटिबायोटिकच्या गोळ्यांचा कोर्स आणि जखमेवर पावडरची भुकटी. निओमायसिनसारख्या औषधांची ॲलर्जी पायाच्या जुन्या जखमांच्या रुग्णांत वारंवार दिसते. लावलेल्या औषधानेच कातडी लाल होते, खाजते आणि ‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणून पुन्हा तेच औषध लागतं. चिठ्ठीवर ‘रोज ड्रेसिंग’ एवढंच लिहिलेलं असतं. पट्टी कशी बांधायची, किती घट्ट, पाय वर कसा ठेवायचा, हे सांगायला ना डॉक्टरला वेळ असतो, ना ते शिकवलेली नर्स जवळ असते. क्रेप बँडेज दिलं तरी दोनचार धुण्यांत त्याचा ताण जातो आणि पुढे ते नुसतं फडकं होतं, हेही कुणी सांगत नाही.

शिवाय बिघडलेली शीर दुरुस्त करता येते, ही गोष्ट कित्येक घरांपर्यंत पोचलेलीच नाही. ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दाबपट्टीबरोबर पहिल्या दोन आठवड्यांतच लेझर, उष्णता किंवा फेसाच्या इंजेक्शनने खराब शीर बंद केलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. आधी पट्टीने जखम भरू देऊन शिरेचं नंतर बघू, असं ठरवलेल्यांपैकी निम्म्यांच्या जखमा भरायला ८२ दिवस लागले. आपल्याकडे हा उपचार मोठ्या शहरांच्या खासगी रुग्णालयांत होतो, तालुक्याच्या गावी मात्र त्याचं नावही निघत नाही.

तर परंपरा आणि आधुनिक वैद्यक एकत्र नांदू शकतात का? कासरगोडला ते करून दाखवलंय. उत्तर केरळातल्या त्या गावात इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजी ही संस्था आहे. त्वचारोगतज्ज्ञ डॉ. एस. आर. नरहरी आणि ऑक्सफर्डचे टेरेन्स रायन यांनी तिथे हत्तीपायाच्या रुग्णांसाठी एक क्रम बसवला. पाय साबणाने धुवायचा, बोटांमधल्या खाचा कोरड्या करून तपासायच्या, वनस्पतींच्या काढ्यात बुडवून ठेवायचा. मग योगासनं आणि श्वासाचे व्यायाम, हलका मसाज, आणि शेवटी पट्टी. त्वचारोगतज्ज्ञ, वैद्य आणि योगशिक्षक एकाच छपराखाली बसतात, पायाचा घेर टेपने मोजून लिहितात. आलप्पुळा आणि आपल्या सीमेला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यातही त्यांनी हा क्रम गावपातळीवर नेला. रुग्णाच्या घरी जाऊन घरच्यांनाच पट्टी बांधायला शिकवलं.

यात काढा आहे, योग आहे, पण काहीही पट्टीच्या जागी आलेलं नाही. पट्टीच्या जोडीला आलं आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हत्तीरोग जुना आहे. तिथल्या बांधावरच्या माणसाला हे सगळं मुंबईच्या लेझरपेक्षा जवळचं वाटेल.

आणि सुश्रुताने सांगितलेल्या मित्रांच्या गोष्टी? त्याचंही उत्तर मिळालंय, तेही इंग्लंडच्या खेड्यात. एली लिंडसे या नर्सबाईंनी १९९५ मध्ये सफोक परगण्यात ‘लेग क्लब’ सुरू केला. दवाखान्याऐवजी गावाच्या सभागृहात, अपॉइंटमेंट न घेता, पायाला पट्टी असलेली सगळी म्हातारी माणसं जमायची. चहाचा कप हातात, पाय स्टुलावर, शेजारच्याचा पाय कसा भरतोय हे बघत बघत ड्रेसिंग व्हायचं. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्या तसे रुग्णांचे दोन गट पाडले. उपचार तेच, फक्त एका गटाला ते घरी आणि दुसऱ्याला क्लबात. क्लबात जाणाऱ्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरल्या, दुखणंही कमी झालं. आपल्याकडे देवळाचा सभामंडप आहे, भजनी मंडळ आहे, बचत गटाची शनिवारची बैठक आहे. वास येतो म्हणून घरात दडून बसलेल्या आजींना त्यासाठी वेगळी इमारत बांधून द्यावी लागणार नाही.

मात्र एक धोका मोठ्या अक्षरांत लिहिला पाहिजे. प्रत्येक पाय बांधायचा नसतो. वर्षानुवर्षं बिडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याच्या, मधुमेह्याच्या पायात रक्त खाली पोचवणाऱ्या धमन्याच अरुंद झालेल्या असू शकतात. तिथे घट्ट पट्टी बांधली तर आधीच कमी असलेलं रक्त तुटतं आणि बोटं काळी पडतात. म्हणून बांधण्याआधी पायावरची नाडी लागते का ते बघायचं, आणि हातातल्या छोट्या डॉप्लर यंत्राने घोट्याचा रक्तदाब दंडाच्या दाबाशी ताडून घ्यायचा. गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी नाही, रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. सुश्रुतानेही न बांधायच्या जखमांची यादी दिली आहे, आणि तिच्यात कुष्ठी, अग्नीने भाजलेले आणि मधुमेह्यांच्या पिडका आहेत. मधुमेह्याचे व्रण कष्टानेच बरे होतात, हेही त्याने सांगून ठेवलंय. त्याची कारणं आजची नव्हती, पण मधुमेह्याचा पाय वेगळा, हे त्याला दिसलं होतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांच्यापैकी कित्येकांच्या तळव्याची संवेदना गेलेली असते. चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो आणि संध्याकाळी मोज्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. १९४६ पासून वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोग्यांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. बोटं रोगाने झडतात असं सगळ्यांना वाटे. त्यांनी सिद्ध केलं की दुखणं न कळल्याने झालेल्या जखमा ती खातात. त्यावर त्यांचा भर औषधापेक्षा विश्रांतीवर, म्हणजे जखमेवरचा भार काढण्यावर, आणि मऊ तळाच्या चपलांवर होता. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांसाठी डॉक्टर आणि नर्स यांच्या जोड्यांना एकत्र प्रशिक्षण देण्याच्या उपक्रमात पुढाकार घेतला. त्या जोडीतली नर्सच इथे महत्त्वाची, कारण पाय रोज तीच बघते.

म्हणून राज्याच्या आरोग्य खात्याकडे मागणं फार मोठं नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जखमांची ओपीडी. तिथे पट्टी बांधण्याचं प्रशिक्षण घेतलेली एक नर्स, मोबाइलच्या किमतीत येणारा एक डॉप्लर आणि फुकट मिळणाऱ्या दाबपट्ट्या. वरळीच्या पोदार, पुण्याच्या ताराचंद या आयुर्वेद रुग्णालयांत शल्यतंत्राचे विभाग आहेत; त्यांच्या वैद्यांनी या ओपीडीत बसावं, त्रिफळ्याच्या काढ्याने जखम धुवावी, तेल लावावं. अट एकच: आधी नाडी बघायची, शीर बघायची, दर आठवड्याला जखम मोजून फोटो काढायचा आणि जे भरलं नाही तेही लिहायचं. कासरगोडने तसं केलं म्हणून तिथलं काम बाकीच्या जगाला वाचता आलं. आणि ‘मधुमेहाची जखम सात दिवसांत गायब’ छापणाऱ्यांसाठी १९५४ चा औषधं आणि जादुई उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेहही आहे, गँगरीनही. तो वापरायला नवा जीआर लागत नाही.

एक इशारा घरच्यांसाठी. वर्षानुवर्षं उघडी राहिलेली जखम कधीकधी कर्करोगात बदलते. कडा उचलल्या गेल्या, कोबीच्या फुलासारखं मांस वर आलं, सहज रक्त येऊ लागलं, तर तेल बंद करून तुकडा तपासायला द्यावा. त्यात वैद्य आणि डॉक्टर असा वाद करण्यात एक महिनाही जाऊ नये.

ओटीवरच्या आजींचा पाय अजून स्टुलावर आहे. स्टूल खुर्चीपेक्षा ठेंगणं, म्हणजे पाय वर ठेवल्यासारखा दिसतो, पण हृदयाच्या खालीच आहे. त्यांनी दुपारी पलंगावर आडवं होऊन पायाखाली दोन उशा घेतल्या पाहिजेत, डोळा न लावता घेतल्या तर सुश्रुतही हरकत घेणार नाही. सुनेने तेल लावलं तरी चालेल. पण त्याआधी पावलाच्या वरच्या बाजूला बोट ठेवून नाडी लागते का ते कुणीतरी बघून गेलेलं असावं, आणि सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी टाचेसकट गुडघ्यापर्यंत पट्टी चढलेली असावी. भिंतीवर कॅलेंडर आहेच. ज्या चौकटींत दुधाचा हिशोब लिहिला जातो, त्यातल्याच सोमवारच्या चौकटीत मोजपट्टीने मोजून जखमेची लांबी आणि रुंदी लिहायची. चार सोमवारांनी आकडा कमी झालेला दिसला नाही, तर बाटली बदलण्यापेक्षा शिरांचा फोटो काढायला तालुक्याला जायचं.